ओडियमचा किल्ला, साल १२६५ : प्रकल्प नोंदी

शनिवार, १६ ऑगस्ट २०२५

यंदाच्या दिवाळीचा किल्ला ठरला : ओडियम. हॅम्पशरमधल्या आमच्या शनिवारच्या मराठी वर्गातली मुलं दर दिवाळीला एका पालकांच्या गॅरेजमध्ये किल्ला करतात. प्रतापगड झाला, सिंधुदुर्ग झाला, रायगड झाला. या वेळी आपण राहतो त्याच भागातला किल्ला घेऊ या, असं मोठ्या गटातल्या मुलांनीच सुचवलं आणि मला ते फार आवडलं.

मी एकच अट घातली. आपल्या किल्ल्यावर मावळे असतात, तोफा असतात, दारात पहारेकरी आणि वर सिंहासनावर महाराज असतात. पण एवढ्या माणसांच्या भाकऱ्या कोण थापतं, घोड्यांना चंदी कोण देतं, धुणं कुठे वाळत घालतात, हे किल्ल्यावर कधीच दिसत नाही. यंदा सुरुवात तिथून करायची. आधी स्वयंपाकघर, कोठी, पागा आणि परटीण. शिपाई सगळ्यात शेवटी, आणि खरोखर असतील तेवढेच.

साल १२६५ धरलं आहे. कारण त्या वर्षी फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात या घरात रोज काय शिजलं, किती दारू लागली, पागेत किती घोडे होते, याचा हिशेब आजही शिल्लक आहे. घरधनीण होती लेस्टरची काउंटेस एलिनॉर द माँफोर्ट. इंग्लंडमधल्या एका घराचं रोजचं जगणं इतक्या जुन्या काळातून इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळतं.

सामानाची यादी : पाट्या, पुठ्ठा, हवेत वाळणारी माती, आइस्क्रीमच्या काड्या, चुन्याऐवजी प्लास्टर, बागेतली खडी. हळीव इथल्या दुकानात सहज मिळतात, ते शेवटच्या आठवड्यात पेरायचे.

रविवार, २४ ऑगस्ट

मुलांना घेऊन किल्ला पाहून आले. बेसिंगस्टोक कालव्याच्या काठाने पायवाट आहे, झाडीतून चालत गेलं की उजाड मैदानात एकदम तो बुरुज दिसतो. आठ कोनांचा, वरून उघडा, एका बाजूने ढासळलेला. बाकी काही उरलेलं नाही. आजूबाजूचे उंचसखल बांध म्हणजे जुने खंदक.

भिंती गारगोटीच्या आहेत, चुन्यात बसवलेल्या. या भागात खडूची जमीन, त्यामुळे गारगोटी पायाखाली सापडते. पण ती घडवून चौकोनी करता येत नाही, म्हणून कोपऱ्यांना आणि खिडक्यांना बाहेरून आणलेला घडीव दगड लावलेला होता. किल्ला ओस पडल्यावर लोकांनी तोच आधी उपटून नेला. त्यामुळे आज भिंतीच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. मुलांनी हे स्वतः हात लावून पाहिलं, त्यामुळे मॉडेलमध्ये कोपरे वेगळ्या रंगाचे करायचे हे मला सांगावं लागलं नाही. आपण १२६५ सालचा किल्ला करतोय, म्हणजे कोपरे जागेवर आहेत.

किल्ला बांधला राजा जॉनने, १२०७ ते १२१४ या वर्षांत. विंडसर आणि विंचेस्टर या राजाच्या दोन मोठ्या ठाण्यांच्या साधारण मध्ये हे ठिकाण येतं. मुक्कामाला सोयीचं आणि शिकारीला चांगलं.

एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, की हा किल्ला सपाट जमिनीवर, नदीला लागून का? आपल्याकडे तर डोंगर शोधतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आधी पाणी पाहावं, मग गड बांधावा असं सांगितलं आहे. सह्याद्रीत उंची फुकट मिळते आणि पाण्यासाठी खडक फोडून टाकी खोदावी लागतात. इथे पाणी फुकट मिळतं आणि उंची बांधावी लागते. व्हाइटवॉटर नदी शेजारून वाहते, तिचंच पाणी खंदकात. म्हणजे मॉडेलच्या तळाला पाणी धरणारा ट्रे हवा. तो आणण्याचं काम त्याच बाबांनी घेतलं.

शनिवार, ३० ऑगस्ट

आज वर्गात हिशेबाचा चर्मपट समजून घेतला. चर्मपत्राचे तुकडे एकाला एक शिवून केलेली लांब गुंडाळी, लॅटिनमध्ये लिहिलेली. ती आता लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिचा मजकूर १८४१ मध्येच छापला गेला.

नोंदीची पद्धत ठरलेली आहे. आधी वार, मग त्या दिवशी घरात कोण होतं आणि पाहुणे कोण. मग कोठी : धान्य आणि ब्रेड. मग वाइन आणि बिअर. मग स्वयंपाकघर : मांस, मासे, अंडी. शेवटी पागा : किती घोड्यांना गवत, किती ओट्स. प्रत्येक ठिकाणी माल विकत आणला की किल्ल्याच्या साठ्यातून काढला, हेही लिहिलेलं. हा हिशेब कारकून रोज घालत असे. एवढ्या मोठ्या खटल्यात चोरी आणि नासाडी रोखायचा दुसरा उपाय नव्हता.

एलिनॉर कोण, हे मुलांना नात्यांतून सांगितलं आणि ते पटकन कळलं. ती जॉन राजाची मुलगी. म्हणजे ज्या किल्ल्यात ती राहते तो बापाने बांधलेला. भाऊ तिसरा हेन्री राजा झाला, त्याने तो तिला दिला. नवरा सायमन द माँफोर्ट, राजाविरुद्ध उठलेल्या उमरावांचा पुढारी. आणि १४ मे १२६४ रोजी लुइसच्या लढाईत याच नवऱ्याने तिच्या भावाला आणि भाच्याला, राजपुत्र एडवर्डला, कैद केलं. म्हणजे १२६५ च्या वसंतात राज्य नवऱ्याच्या हातात, माहेरचे कैदेत, आणि ती मधे. सात मुलांची आई, पन्नाशीच्या आसपास.

"म्हणजे ती कोणाच्या बाजूला?" असं एका मुलीने विचारलं. नवऱ्याच्या, असं मी सांगितलं. हिशेब वाचला की ते कळतं. घर चालवणं, दूत पाठवणं, पाहुणे राखणं, रसद पुरवणं, सगळं ती सायमनसाठी करते आहे.

शनिवार, ६ सप्टेंबर

स्वयंपाकघर आणि कोठी. आजचा दिवस मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून सुटं ठेवलं. त्या काळच्या मोठ्या घरांत ही पद्धत होती, कारण आगीची भीती कायम असे. तोटा असा, की पंगतीपर्यंत पोचेस्तोवर अन्न निवतं. मुलांनी दोघांच्या मधे छप्पर घातलेली वाट केली, वाढप्यांना पावसात भिजायला नको म्हणून. अशा वाटा खरोखरच असत.

चुलीत मांस भाजायचा लांब सळ. तो फिरवायला मुलगे असत, दिवसभर विस्तवाशेजारी बसून. त्या मुलाचं चित्र आमच्या दहा वर्षांच्या मुलाने केलं आणि त्याच्या तोंडाला लाल रंग दिला. स्वयंपाकी, वाढपी, मोतद्दार, कोठीवाले, सगळे पुरुष. उमरावांच्या घरात नोकर म्हणून बायका फार थोड्या. मुलींना हे अजिबात पटलं नाही, त्यांनी मला परत परत विचारलं. पण तसंच होतं.

ब्रेड दोन तऱ्हेचा. वरच्या पंगतीला गव्हाचा पांढरा, बाकीच्यांना भरड. ताटं बहुतेक नसतच. शिळ्या भरड ब्रेडची जाड चकती हेच ताट, तिच्यावर वाढायचं, आणि रस्सा मुरलेल्या त्या चकत्या जेवण झालं की गोळा करून दाराबाहेरच्या गोरगरिबांना. आम्ही दाराशी एक टोपली आणि चार माणसं ठेवली. एलिनॉरच्या हिशेबात तर अशीही नोंद आहे, की ईस्टरनंतर एका दिवशी शेकडो गरिबांना ब्रेड आणि सायडर दिलं. दानाचाही हिशेब ठेवला आहे, कारण ते धान्यही कोठीतूनच गेलं.

बिअर हे रोजचं पेय, लहानथोरांचं. त्या काळी इंग्लंडमध्ये तिच्यात हॉप्स, म्हणजे बिअर टिकवणारी कडू फुलं, घालत नसत, त्यामुळे ती थोड्याच दिवसांत आंबट होई. साठा करून ठेवणं अशक्य, सतत गाळत राहावं लागे. गाळणाऱ्या बहुतेक बायका. ओडियमला बॅनबरीहून एक बाई या कामासाठी बोलावल्याची नोंद आहे. बॅनबरी काही शेजारी नाही, पार ऑक्सफर्डच्याही पलीकडे. एवढ्या लांबून बोलावली, म्हणजे तिच्या हाताला नाव असणार असं मला वाटतं. मुलींना एकदाची एक कर्ती बाई मिळाली. तिचं चित्र बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच झालं आहे आणि ते तसंच राहील.

वाइन गॅस्कनीहून, जहाजाने. पिंपातली वाइन वर्षभरात उतरत जाई, म्हणून नव्या मोसमाच्या वाइनची वाट पाहत.

शनिवार, १३ सप्टेंबर

मासे. १२६५ साली ईस्टर ५ एप्रिलला होता, म्हणजे त्याआधीचा लेंटचा उपवास १८ फेब्रुवारीला सुरू झाला. उपवासात मांस नाही, अंडी नाहीत, दूध-लोणी-चीज नाही. आपली मुलं चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या आज्यांना ओळखतात, त्यामुळे कल्पना पटकन पोचली. पण इथे मासे चालतात. मग दिवसच्या दिवस हेरिंग, खारवलेले आणि धुरावलेले, रोज शेकडो. बदल म्हणून वाळवलेला कॉड, वाम, आणि पैसा असेल तर ताजा नदीचा मासा.

दुधाऐवजी बदाम वाटून काढलेलं दूध. बदाम भूमध्य समुद्राकडून यायचे, तांदूळही तिकडूनच. हो, तांदूळ. एलिनॉरच्या घरी तांदूळ विकत आणला जाई आणि तो मसाल्यांसोबत कुलपात राही. मिरी, आलं, दालचिनी, लवंग, केशर, साखर. ही मिरी मलबार किनाऱ्यावरून निघून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त आणि व्हेनिसवाल्यांसारख्या व्यापाऱ्यांच्या हातून अशी हातोहात पुढे जात हॅम्पशरच्या या दलदलीत पोचत होती. नकाशावर मुलांनी दोरा लावून दाखवला. तो दोरा आमच्या कोकणाच्या थोडं खालूनच निघतो.

म्हणून ठरलं : कोठीत एक पेटी कुलपाची. तिच्यात खरे मिरीचे दाणे, खरे तांदूळ, केशराची एक काडी. किल्ल्या कोणाच्या कमरेला, यावर बराच वेळ गेला. शेवटी कारभाऱ्याच्या कमरेला लावल्या.

सोमवार, १५ सप्टेंबर

ट्रे गळतो. खाली दुहेरी प्लास्टिक घातलं. आता ठीक.

शनिवार, २० सप्टेंबर

पागा. इथे प्रकल्पाला वेगळंच वळण मिळालं.

एरवी ओडियमच्या पागेत चाळीस-पन्नास घोडे असत. १२६५ च्या जानेवारीत सायमनने लंडनला ती प्रसिद्ध पार्लमेंट बोलावली, जिला नगरांचे प्रतिनिधीही आले होते. ती मार्चच्या मध्यावर उरकली. १७ मार्चला थोरला मुलगा हेन्री ओडियमला आला, सोबत राजपुत्र एडवर्ड. भाचा आत्याच्या घरी आला खरा, पण नजरकैदेत. १९ मार्चला स्वतः सायमन आला, भल्या मोठ्या लवाजम्यासह. पागेच्या ओळीत घोड्यांचा आकडा तीनशेच्या वर गेला.

सगळ्या माणसांची यादी कारकून देत नाही. पण घोडे मोजतो, कारण त्यांना चंदी-वैरण लागते. म्हणजे राजकारणात काय चाललंय, याची सगळ्यात खरी बातमी पागेच्या ओळीत आहे. मी फळ्यावर नुसते घोड्यांचे आकडे लिहिले आणि विचारलं, काय झालं असेल? "पाहुणे आले", "युद्ध आहे", "लग्न आहे". तिन्ही उत्तरं वाजवी होती.

आणि आता तारखा जुळवून पाहा. १९ मार्च, म्हणजे ऐन लेंट. घरात अचानक शेकडो माणसं, सगळ्यांना उपवास, कोणालाच मांस चालत नाही. एवढे मासे कुठून आणायचे? बैल कापून भागत नाही. कोठीतली हेरिंगची पिंपं भराभर रिकामी होत असणार, माणसं बाजाराला पळत असणार. लग्नघरी ऐनवेळी दोन बस जास्तीचं वऱ्हाड उतरावं तशी त्या स्वयंपाक्यांची अवस्था झाली असेल. हे दृश्य आम्ही मॉडेलसाठी नक्की केलं. आमचा किल्ला आता "१२६५ साल" नाही, "१९ मार्च १२६५, गुरुवार, दुपार" आहे.

सायमन एप्रिलच्या सुरुवातीला निघून गेला. त्यानंतर त्या दोघांची भेट झाली नाही.

घोडे तीनशे करणं शक्य नाही. चाळीस मातीचे केले, उरलेल्यांसाठी बांधाबाहेर खुंट्यांची रांग आणि गवताच्या गंज्या. मोतद्दारांची चित्रं धाकट्या गटाकडे दिली.

शनिवार, २७ सप्टेंबर

मोठा हॉल. टेबलं म्हणजे लाकडी घोड्यांवर, म्हणजे सुट्या पायांवर, टाकलेल्या फळ्या. जेवण झालं की मोडून भिंतीला लावायच्या, आणि रात्री त्याच जमिनीवर पेंढ्याच्या गाद्या टाकून नोकरमाणसं झोपायची. खाजगी खोली फक्त काउंटेसची. तिथेही मैत्रिणी आणि दासी झोपायला असतच. एकटं असणं ही चैन जवळजवळ कोणालाच नव्हती. एका मुलाने हे ऐकून सांगितलं, की आमच्या गावच्या वाड्यात सुट्टीत असंच झोपतो, ओसरीवर सगळे. त्याला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही, आणि इथे जन्मलेल्या मुलाकडून ते ऐकून मला बरं वाटलं.

मुख्य जेवण सकाळी उशिरा, दहा-अकराच्या सुमारास. दुसरं सूर्य असताना. सगळं वेळापत्रक उजेडावर, कारण उजेड विकत घ्यावा लागे. मेणाची मेणबत्ती महाग, ती चॅपेलमध्ये आणि काउंटेसच्या खोलीत. बाकीच्यांना चरबीची दिवटी, धूर आणि वास. किंवा लव्हाळ्याचा गर चरबीत बुडवून केलेली वात. खिडक्यांना काच फार थोड्या ठिकाणी, बहुतेक लाकडी झडपा. थंडीत झडप लावली की अंधार, उघडली की वारा. मार्चमधला हॅम्पशरचा वारा आम्ही सगळेच ओळखतो.

एका बाजूला उंच चौथऱ्यावर काउंटेसचं टेबल. हात धुवायला पाणी आणि टॉवेल, जेवणाआधी आणि नंतर. काटे नाहीत. चाकू स्वतःचा, आणि हातानेच खायचं. दोघांत एक वाडगा, त्यामुळे शेजारी कोण बसणार याला महत्त्व. "म्हणजे ते आपल्यासारखंच हाताने जेवायचे!" या शोधाने वर्गात बराच गोंधळ झाला. शाळेच्या डब्यावरून इथे काहींना काय काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे. मी त्यांना गोंधळ करू दिला.

अजून करायचं : पेंढा (तागाचा दोरा पिंजून), कुत्रे, भिंतीवरचं रंगीत कापड.

शनिवार, ४ ऑक्टोबर

धुणं, संडास, न्हाणी.

परटिणीचं नाव हिशेबात आहे : पेट्रोनिला. तिचा मेहनताना नोंदवला आहे. घरातल्या सगळ्या तागाच्या चादरी, टेबलावरचे कपडे, अंतर्वस्त्रं, तिच्या हाताखालून जायची. लाकडाच्या राखेचं पाणी, धोपटणं, आणि नदी. लोकरीचे वरचे कपडे असे धूत नसत, ते झटकून, घासून साफ करत. नदीकाठी पेट्रोनिलाचा दगड आम्ही ठेवला आहे आणि काठावरच्या झुडपांवर वाळत घातलेले रुमालाचे तुकडे. लढाया जिंकणाऱ्या उमरावांची नावं इतिहासात राहतात. एका परटिणीचं नाव साडेसातशे वर्षांनी आमच्या मुलांच्या तोंडी आलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

संडास भिंतीच्या जाडीत. दगडी बैठक, खाली उतरती नळी, शेवट खंदकात किंवा खड्ड्यात. उपसणारी माणसं वेगळी, त्यांना मजुरी मिळे. धाकट्या गटाने या कामात कमालीचा उत्साह दाखवला. उपसणाऱ्याचं चित्रही आलं.

न्हाणी : लाकडी टब, आत कापडाचं अस्तर, वरून तंबूसारखा पडदा, आणि चुलीवर तापवून बादल्यांनी आणलेलं पाणी. जॉन राजाच्या हिशेबात त्याच्या आंघोळींची रक्कम वेगळी आहे, विल्यम नावाच्या त्याच्या सेवकाला दिलेली. मध्ययुगात कोणी आंघोळच करत नसे, हे आपण ऐकतो ते खरं नाही. पण गरम पाणी म्हणजे सरपण, आणि सरपण तोडून वाहून आणायला माणसं लागतात. ज्याला परवडे तो करे.

एलिनॉरच्या एका सखीचं रक्त काढायला रेडिंगहून न्हावी आला होता, हीसुद्धा नोंद आहे. ते तेव्हाचं औषधपाणी. आणि मुलीसाठी, तिचंही नाव एलिनॉर, प्रार्थनेची पोथी ऑक्सफर्डला लिहून घेतली. मुलीचं वय साधारण तेराचं. आमच्या वर्गातल्या मोठ्या मुलींएवढी. त्यांनी तिच्या हातात शर्टाच्या बटणाएवढं पुस्तक दिलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

अखेर शिपायांचा दिवस. मुलं केव्हाची वाट पाहत होती.

मी त्यांना १२१६ ची गोष्ट सांगितली. जॉन राजाविरुद्ध बंड झालं, फ्रान्सचा राजपुत्र लुई सैन्य घेऊन उतरला आणि त्याने ओडियमला वेढा दिला. आठवड्याहून जास्त किल्ला लढला. शेवटी जुलैमध्ये, शस्त्रं आणि घोडे सोबत नेऊ देण्याच्या अटीवर, तो खाली झाला. दार उघडलं तेव्हा आतून तीन सरदार आणि दहा शिपाई बाहेर आले. तेरा माणसं.

मुलांचा आधी विश्वासच बसेना. मग त्यांनीच उत्तर काढलं : भिंत जाड, पाणी भोवती, दार एक, आणि तेरा जणांना खायला कमी लागतं. शेवटचं कारण सात वर्षांच्या मुलाचं होतं, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. शंभर जण असते तर कोठी निम्म्या दिवसांत आटली असती.

आमच्या किल्ल्यात शिपाई तेरा. त्याशिवाय दारवान, रात्रीचा पहारेकरी आणि सायमनच्या लवाजम्यातले थोडे. बाकी सगळे काम करणारे.

रविवार, १२ ऑक्टोबर

हळीव पेरले. बुरुजाला खडी लावून झाली, कोपरे फिकट रंगवले. एका काकांनी खंदकावरचा पूल सुताराच्या सफाईने केला आहे, तो खरंच उचलता येतो.

शनिवार, १८ ऑक्टोबर

मांडणी पूर्ण. दूत राहिले होते, ते आज आले. हिशेबात त्यांची टोपणनावंच आहेत : गोबिहेस्टी, स्लिंगअवे, ट्रूबॉडी. पहिला घाईने जाणारा, दुसरा सटकणारा, तिसरा भरवशाचा. फोन नाही, टपाल नाही, नवरा देशाच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हा सगळं राज्य या माणसांच्या पायांवर आणि घोड्यांवर. गोबिहेस्टी दारातून बाहेर पडतो आहे, पिशवी खांद्याला.

मुलांना पुढचं सांगायचं होतं, ते आज सांगितलं. २८ मे १२६५ ला एडवर्ड हेरफर्डहून निसटला. घोडे आजमावून पाहतो म्हणत त्याने एकेक घोडा दमवला आणि शेवटच्या ताज्या घोड्यावर बसून पळ काढला, असं सांगतात. बातमी पोचताच एलिनॉरने ओडियम सोडलं. १ जूनला निघाली, पोर्टचेस्टरमार्गे जूनच्या मध्यावर डोव्हरला पोचली. ओडियम आत, जमिनीवर. डोव्हर समुद्रावर, समोर फ्रान्स. हिशेब मात्र एक दिवसही थांबला नाही. डोव्हरला ती सँडविच आणि विंचेल्सीच्या नागरिकांना जेवायला बोलावते आहे, कारण जहाजं त्यांच्याकडे आहेत. तिचं राजकारणही पंगतीतूनच चाललं होतं.

४ ऑगस्टला ईव्हशॅमच्या लढाईत सायमन आणि थोरला मुलगा हेन्री मारले गेले. गुंडाळी त्याच महिन्यात संपते. ती सोबत घेऊन एलिनॉर फ्रान्सला गेली आणि माँतार्जीच्या मठात १२७५ साली वारली. गुंडाळी तिच्याबरोबर गेली म्हणून वाचली.

मोठ्या गटातली एक मुलगी म्हणाली, मग आपण १ जूनचा किल्ला करायला हवा होता, सामान गाड्यांवर भरताना. तिचं म्हणणं वाजवी आहे. पण मला १९ मार्चच हवा. त्या दिवशी घर भरलेलं आहे.

रविवार, १९ ऑक्टोबर

किल्ला पाहायला लोक दिवसभर येत होते. फराळाचं टेबल गॅरेजच्या दारातच लावलं होतं, त्यामुळे चकलीचे तुकडे खंदकात पडले. ते काढले.

भारतातून आलेल्या एका आजोबांनी बराच वेळ वाकून पाहिलं आणि विचारलं, "राजा कुठाय?" धाकट्या गटातल्या मुलाने त्यांना स्वयंपाकघरापासून सुरुवात करून सगळं दाखवलं, सळ फिरवणारा मुलगा, बॅनबरीची बाई, पेट्रोनिला, कुलपाची पेटी. राजा लंडनकडे कैदेत आहे, असं शेवटी सांगितलं. आजोबांनी पेटीतले मिरीचे दाणे बोटाने हलवून पाहिले आणि ते कुठून आले हे विचारलं. तिथून पुढे दोऱ्याच्या नकाशावर अर्धा तास गेला.

एका आईने हिशेबाचा एक दिवस मराठीत लिहून भिंतीवर लावायला मागितला आहे. वार, पाहुणे, कोठी, दारू, स्वयंपाकघर, पागा, याच क्रमाने. तो मी लिहिणार आहे. मोठ्या गटातल्या मुलांनी स्वतःच्या घरचा एक दिवस त्याच क्रमाने लिहून आणायचा, असं गृहपाठ म्हणून दिलं. पागेच्या ओळीत गाडीचं पेट्रोल लिहायला परवानगी आहे.

राहिलेलं काम : डोव्हरच्या भागासाठी वेगळा फलक. चित्रांच्या नावांच्या पट्ट्या मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, कारण शेजारच्या प्राथमिक शाळेने नोव्हेंबरमध्ये किल्ला मागितला आहे. ट्रे रिकामा करूनच उचलायचा. बुरुज दोन भागांत सुटतो, घोडे वेगळ्या खोक्यात.